टेपने चरबी मोजतोय, आठ महिने झाले

उंची १७० सेंमी, वजन ६६ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.८. कागदावर सगळं छान, पण पँटचं बटण लागेना. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा २००४ सालचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला फोटो तेव्हाच पाहिला. दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! त्याच आठवड्यात ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून फायबरची टेप आणली.

आईच्या मशीनच्या डब्यातली कापडी टेप आधी वापरून पाहिली होती. पोलादी पट्टीला लावली तर मीटरमागे सेंटीमीटरभर ताणलेली निघाली. तुमचीही तपासा.

मापांवरून चरबी काढायचं सूत्र अमेरिकन नौदलाचं, हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ मध्ये मांडलेलं. पुरुषांना मान, बेंबीपाशी पोट आणि उंची लागते. बायकांना कंबर सगळ्यात बारीक जागी मोजायची आणि नितंबांचा घेरही घ्यायचा. आकडे टाकले की मोबाइलवर उत्तर मिळतं.

खरी अडचण मानेची. टेप कंठमण्याच्या खाली, पुढे किंचित उतरती हवी. पोट आणि मान यांच्या फरकात एक सेंटीमीटर इकडेतिकडे झाला, की माझं उत्तर पाऊण टक्क्याच्या आसपास हलतं. पहिले दोन महिने मी स्वतःच मोजायचो आणि नकळत पोट आत घ्यायचो. आता बायको मोजते. ‘अरे, श्वास सोड आधी,’ म्हणते, आणि सोडल्यावरच टेप वाचते. तीनदा मोजून सरासरी, रविवारी सकाळी, चहाच्या आधी.

तिने घेतलेलं पहिलं माप: पोट ९४, मान ३८, चरबी २४.३ टक्के. आज पोट ८९.५, मान ३७.५, चरबी २१.५. वजन? ६५.४. रोज उपवन तलावावर चाललो, आठवड्यातून तीनदा वजनं उचलली, आणि काट्याने जेमतेम अर्धा किलो दाखवला. टेप नसती तर मी तिसऱ्या महिन्यातच सोडून दिलं असतं.

२१.५ हा आकडा तीनचार टक्क्यांनी चुकीचा असू शकतो, हे धरूनच चाला. डेक्सा स्कॅनशी, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी मोजणाऱ्या तपासणीशी, त्याची बरोबरी नाही. पण जिमच्या यंत्राने मला एकाच आठवड्यात २६ आणि २२ दाखवले होते, पाणी कमीजास्त प्यायलो म्हणून. टेपवर असा गोंधळ झाला नाही. मला भरवसा आहे तो पोटाच्या मापावर: आपल्याकडच्या पुरुषांसाठीची ९० सेंमीची धोक्याची रेघ मी ओलांडून खाली आलोय.

बायकोचं माप मात्र पाळीच्या दिवसांत फुगतं. ती आता पाळी संपल्यानंतरच्या रविवारीच मोजते, महिन्यातून एकदा.