फुकटच्या बॅगेचा हिशेब

बॅग फुकट मिळाली आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी दिवसा शनिवार पेठेत एका करसल्लागाराकडे हिशेब बघते आणि रविवारी पहाटे निकॉन डी५६०० घेऊन बाहेर पडते. इन्स्टाग्रामवर २,३०० फॉलोअर, त्यात नातेवाईक बरेच. जूनमध्ये एका कॅमेरा-बॅगवाल्या कंपनीचा मेसेज आला : "हाय मॅम, तुमचे मंडईचे फोटो खूप आवडले, बार्टर कोलॅब करणार का?" आयुष्यातलं पहिलंच. आईला सांगितलं. "पैसे किती देणारेत?" पैसे नाही, बॅग देणारेत म्हटल्यावर "घरात बॅगा काय कमी आहेत?" म्हणाली आणि फोडणीकडे वळली.

कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन-तीन पोरं मिळून चालवतात आणि पुढच्या लॉटमध्ये दुरुस्ती करतोय म्हणालीत. करोत बापडी.

आता बॅग. काळी, पाठीवरची, छापील किंमत ३,४९९ रुपये. माझा कॅमेरा, १८-१४० आणि ७०-३०० अशा दोन लेन्स, चार्जर आणि पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून ठेवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या, एवढं आरामात बसतं. आतले वेल्क्रोचे पडदे जाड आहेत, हलवून हवे तसे कप्पे करता येतात. खांद्याचे पट्टे तर फारच छान. अ‍ॅक्टिव्हावरून धनकवडी ते पाषाण तलाव गेले, खांदा अजिबात अवघडला नाही. माझ्या जुन्या बॅगेत कात्रजच्या चौकापर्यंतच मान धरायची. बाजूचा खिसा मात्र कुणासाठी शिवलाय कळत नाही. लिटरची बाटली जात नाही, अर्ध्या लिटरची आत बुडते.

आणि मग 'वॉटरप्रूफ'. बॅगेला लटकवलेल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात तसं छापलेलं. मी संशयी बाई. कॅमेरा घरी ठेवला, त्याच्या वजनाचे म्हणून दीड किलो तांदूळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आत घातले आणि प्रत्येक कप्प्यात जेल पेननं लिहिलेली चिठ्ठी टाकली : 'वर', 'मध्ये', 'तळ', 'खिसा'. जुलैच्या दुसऱ्या रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढले. पाऊस होता तो सरळ पडणारा नव्हे, गडावरचा, वाऱ्याबरोबर आडवा येणारा. पुणे दरवाजापाशी पोचेपर्यंत रेनकोटाच्या आत मीही भिजलेली. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, खाली उतरले.

घरी येऊन चिठ्ठ्या उलगडल्या. 'मध्ये' आणि 'तळ' कोरडे ठणठणीत. 'खिसा' दमट. 'वर' ही चिठ्ठी म्हणजे निळा डाग, अक्षर ओळखू येईना. कापडातून थेंबही आलेला नव्हता, सगळं पाणी वरच्या चेनमधून. आई मागून : "माझा आंबेमोहोर कुठाय?"

रविवार पेठेत बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी चेन दोनदा उघडली, मिटली, वरचा झाप अंगठ्यानं दाबून पाहिला. "चेन चांगली टाकलीय हो. पण झाप बघा, बरोबर चेनच्या कडेशी संपतो. पाणी काय तिथं येऊन थांबणारे? दोन बोटं पुढं हवा होता." १२० रुपयांत त्यांनी रेक्झिनची पट्टी जोडून दिली. पुढच्या रविवारी तोच गड, साधारण तसाच पाऊस, 'वर' चिठ्ठी कोरडी. ३,४९९ च्या बॅगेत १२० रुपयांचा विचार राहून गेला होता, एवढंच.

कोलॅबचाही रिव्ह्यू लिहिते, कारण पहिल्यांदा करणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. बॅगेच्या बदल्यात पाच फोटो, एक रील, दोन स्टोऱ्या. वाचायला किरकोळ वाटतं. माझे चार रविवार गेले. काळी बॅग पर्वतीच्या काळ्या दगडी पायऱ्यांवर ठेवून ढगाळ सकाळी फोटो काढून बघा. बॅग दिसावी म्हणून एक्स्पोजर वाढवलं की आभाळ पांढरंफटक, आभाळ सांभाळलं की पायरीवर नुसतं भोक. शेवटी माळ्यावरून २०१८ च्या थर्माकोल बंदीआधीच्या मखराची एक बाजू काढली, भाच्याला ती तिरकी धरायला लावली, तेव्हा कुठे बॅगेच्या कडेला उजेडाची रेघ आली. फोटोत नीट पाहिलंत तर बकलावर मखराची झिरमिळी चमकताना दिसेल.

त्यांच्या मेलमध्ये एक ओळ होती : सर्व फोटो, कायमस्वरूपी, कुठल्याही माध्यमात. आमच्याच बिल्डिंगमधल्या वकील वहिनींना दाखवलं. त्या म्हणाल्या, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे ठरवून घे बाई. फोटो माझे, वापर वर्षभर, फक्त त्यांचं इन्स्टाग्राम आणि वेबसाइट, असं मी लिहून पाठवलं. तासाभरात 'ओके मॅम' आलं. मागितलं नसतं तर मिळालं नसतं, आणि मला वाटलं होतं कोलॅबच जाईल.

जाहिरातीच्या लेबलवरून मात्र ताणलं. "पैसे घेतले नाहीत ना मॅम, मग पेड पार्टनरशिप कशाला?" पैसे असोत की वस्तू, सांगावं लागतं. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेनं, अ‍ॅस्कीनं, २०२१ मध्ये तसे नियम काढले आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानंही हेच सांगितलं. मी लेबल लावलं. टीडीएसचं, म्हणजे देतानाच कापायच्या कराचं, विचारणाऱ्यांसाठी : जुलै २०२२ पासून अशा फुकट वस्तूंवर देणाऱ्यानं १० टक्के कापायचे आहेत, पण वर्षात २०,००० च्या वर गेल्या तरच. माझी बॅग त्याच्या आसपासही नाही.

खरी कुरबूर कॅप्शनवर. मी लिहिलं होतं, 'रिमझिम पावसात उत्तम, सिंहगडच्या पावसात वरचा कप्पा भिजतो.' उत्तर आलं, "मॅम, थोडं पॉझिटिव्ह करता येईल का?" मी चिठ्ठीचा फोटो पाठवला. दोन दिवस शांतता. मग पुठ्ठ्यावरचा 'वॉटरप्रूफ' हा शब्द बदलू म्हणाले, पण माझी रील त्यांनी वापरलीच नाही. फोटो तीन घेतले. त्यातला मंडईतला डावा-उजवा उलटा करून टाकला, त्यांच्या वेबसाइटच्या मांडणीत बसावा म्हणून. मेथीच्या भावाची पाटी आरशात बघितल्यासारखी. ज्या पाटीसाठी मी पाऊण तास उन्हाची तिरीप यायची वाट बघत उभी होते, ती पाटी. मेल केला. अजून तशीच आहे.

माझं मत विचाराल तर ही बॅग २,२०० ला मिळाली तर घ्या, आणि झाप शिवून घ्या. ३,४९९ ला नको. अशीच कोलॅब पुन्हा करीन का? बॅगेवर नाही. फोटोचे पैसे घेईन, बॅग परत देईन.

मंडईतल्या मावशींना मात्र फोटोची प्रिंट द्यायची ठरली होती. "फोटो जाहिरातीत जाणारे, चालेल ना?" विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "चालेल, पण मला कागदावर पायजे." गेल्या रविवारी आठ बाय बाराची घेऊन गेले. पाटी सुलटी, ऊन पाटीवर, मावशींचा हात जुडी बांधताना. १८८६ सालची ती दगडी इमारत मागे धूसर. त्यांनी पदराला हात पुसले, प्रिंट लांब धरून बघितली, मग जवळ घेतली.

"मी बरी आलेय," म्हणाल्या. "पण मधे ही काळी बॅग कुणाची ठेवलीस?"

मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. बाजूच्या खिशात एक बरोब्बर बसली.