वडिलांच्या नाण्यांची वाटणी आणि किंमत ठरवणारा गृहस्थ

वडिलांच्या पश्चात त्यांचा नाण्यांचा संग्रह आई, दादा, धाकटी बहीण आणि मी अशा चौघांत सारखा वाटून घ्यायचे ठरले. किंमत ठरवण्यासाठी नात्यातल्या एकाच्या ओळखीने कोल्हापुरातलेच एक गृहस्थ घरी आले. त्यांनी आम्हाला ज्या रीतीने फसवले ती कोणत्याही घरात चालून जाईल अशी आहे, म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे.

संग्रहात राणीछाप रुपये, पंचम आणि सहाव्या जॉर्जचे रुपये आणि काही शिवराया (शिवाजी महाराजांच्या काळापासूनची तांब्याची नाणी) होत्या. गृहस्थांनी तराजू मांडला आणि सारे रुपये सरसकट वजनावर चार वाट्यांत लावले. प्रत्येक रुपया सुमारे ११.६६ ग्रॅमचा असल्यामुळे ही वाटणी न्याय्य दिसत होती. पण १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी शेकडा ९१.७ असते आणि १९४० पासूनच्या चांदीच्या रुपयात वजन तेच राहून चांदी निम्म्यावर येते. नाण्यांचा व्यवहार करणाऱ्याला हे ठाऊक नसणे शक्य नाही. तरीही कमी चांदीचे बहुतेक रुपये आईच्या वाट्यात गेले आणि बाकीचे तीन वाटे ‘चांदीच्या भावाने’ आपणच घेऊ, असे त्यांनी सुचवले.

खरा घाला पुढेच होता. अक्षरे वाचता यावीत म्हणून नाणी स्वच्छ करावी लागतील, असे सांगून त्यांनी डबा नेला. पावती मागितली तेव्हा, ‘घरच्या माणसांत कसली पावती?’ असे म्हणाले. नाणी परत आली ती लखलखीत होऊन. शिवरायांवरचा जुना काळसर थर गेला होता आणि ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ या अक्षरांच्या कडा बोथट झाल्या होत्या. अशा घासलेल्या नाण्याला संग्राहक पूर्वीची किंमत देत नाहीत. या घासण्याने त्या गृहस्थांची मात्र सोय झाली, कारण नाण्यांवरच्या ओळखीच्या खुणाच पुसल्या गेल्या.

संग्रहातला १९३९ चा रुपया दुर्मीळ होता. त्याच्यासमोर वडिलांनी वहीत ‘राजाच्या कानामागे बारीक खाच’ असे लिहून ठेवले होते. परत आलेल्या रुपयावर ती खाच नव्हती. भिंगाखाली धरल्यावर सालातला शेवटचा अंक खरवडलेला दिसला. १९३८ च्या सहज मिळणाऱ्या रुपयातील आठाचा खालचा डावा भाग कोरून त्याचा नऊ केलेला होता.

वही उघडेपर्यंत संशय मात्र घरातच फिरत राहिला. ‘दादा, कपाटाची किल्ली तुझ्याकडेच होती ना?’ असे बहीण सगळ्यांसमोर बोलून गेली आणि कितीतरी दिवस दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. नाण्याच्या किमतीपेक्षा हे नुकसान मला मोठे वाटते, आणि त्या गृहस्थांवर माझा राग आहे तो मुख्यतः यासाठी.

‘तुम्ही हेच नाणे दिले होते,’ एवढे एकच उत्तर ते देत राहिले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा आधार घेऊन आम्ही पोलिसांत फसवणुकीचा अर्ज दिला आहे, पण नाणी नेताना ना पावती झाली होती ना छायाचित्रे काढली होती, त्यामुळे सारा भार वडिलांच्या वहीवरच आहे.

नंतर आम्ही अशा जाणकाराला बोलावले, जे स्वतः नाणी विकत घेत नाहीत आणि फक्त आपली फी घेतात. त्यांनी सारे काम आमच्या घरी, आमच्यासमोर केले. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंची आणि काठाची छायाचित्रे काढली, साल व वजन लिहून त्याला क्रमांकाचे पाकीट दिले, आणि चांदीचा भाव व संग्राहकांतली किंमत वेगवेगळ्या रकान्यांत मांडली. त्या आकड्यांवर चार वाटे करून चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिली चिठ्ठी आईने उचलली. १९३९ च्या रुपयाची नोंद वाटणीपत्रात स्वतंत्र ठेवली असून, तो परत मिळाल्यास विकून येणारी रक्कम चौघांत सारखी वाटायची, असे त्याखाली लिहून सर्वांनी सह्या केल्या आहेत.