झाडाखालचा बाक की गच्ची?

उन्हाळ्यात लांबच्या सहलींचे बेत आखताना घराजवळच्या या दोन जागा राहूनच जातात. माझा कौल झाडाला, कारण ऐन दुपारी तेच कामी येतं. तापलेला पत्रा खाली धग फेकतो; पान मात्र मुळांनी ओढलेलं पाणी वाफेच्या रूपाने सोडत राहतं, म्हणून थंड राहतं. बाकावर बसलात की जमिनीकडे बघा. पानांच्या फटींतून पडलेले ते गोल कवडसे म्हणजे सूर्याच्याच प्रतिमा! खंडग्रास सूर्यग्रहणात त्यांच्या चक्क चंद्रकोरी होतात.

गच्ची रात्रीची. काँक्रीट दिवसभराची उष्णता अंधार पडल्यावरही सोडत असतं, त्यामुळे घाई नको. चटई अंथरण्याआधी फरशीला तळहात लावून बघा. ती निवली असेल, तर वारा आणि चांदण्या तुमच्याच.