ईव्ह की एलिट: गर्दी ओसरत असताना मुक्काम कुठे करावा?

एकच ऑनलाइन स्पेस गेम नेटाने खेळायचाय, स्टार सिटिझन पूर्ण होईपर्यंत थांबायची तयारी नाही, आणि यादीत ईव्ह ऑनलाइन आणि एलिट डेंजरस एवढे दोनच उरलेत, अशा माणसासाठी हे लिहितोय. दोन्ही मी मनापासून खेळलोय. जहाजं, ग्राफिक्स, कंट्रोल्स यांवर वेळ घालवत नाही, ते यूट्यूबवर अर्ध्या तासात कळतं. मला विचारतात तो प्रश्न वेगळाच असतो: दोन्ही गेम उतरणीला लागलेत म्हणतात, मग आता नव्याने त्यात आयुष्याची एवढी वर्षं घालण्यात अर्थ आहे का?

उतरण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. ईव्ह २००३ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि एकाच वेळी ऑनलाइन असलेल्या पायलटांचा त्याचा विक्रम ५ मे २०१३ चा आहे, ६५,३०३. तो आजही मोडलेला नाही. हल्ली रविवारच्या गर्दीतसुद्धा आकडा साधारण त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळतो, आणि त्यात एकेका माणसाची तीन-तीन चार-चार खाती धरलेली असतात. मधल्या काळात कंपनीने स्वतःच्या हातानेही नुकसान करून घेतलं. २०१९ मध्ये नलसेकमधली (कायदा-पोलीस नसलेल्या भागातली) लोकलची, म्हणजे त्या सिस्टिममध्ये कोण-कोण आहे याची, यादी लपवून बघितली, तर लोकच गळाले आणि दोन-अडीच महिन्यांत निर्णय फिरवावा लागला. २०२२ च्या मे महिन्यात ओमेगाची (पूर्ण खात्याची) वर्गणी १४.९९ डॉलरवरून १९.९९ वर नेली, तेव्हाही बरेच जुने लोक उठून गेले.

एलिटचा आलेख निराळा आहे. २०१४ च्या डिसेंबरात तो आला, पुढे छान बस्तान बसलं, आणि मे २०२१ मध्ये ओडिसीने होतं नव्हतं ते घालवलं. इतका अर्धाकच्चा विस्तार क्वचितच कुणी बाजारात आणला असेल. मार्च २०२२ मध्ये कन्सोलवरचं पुढचं काम बंद झाल्याचं जाहीर झालं. त्यानंतर मात्र एलिट सावरला, आणि हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवं. थारगॉइड नावाच्या परग्रहवासी शत्रूंशी चाललेलं युद्ध २०२४ च्या डिसेंबरात थेट आपल्या सूर्यमालेत येऊन संपलं. त्यांचा शेवटचा टायटन (महाकाय जहाज) पृथ्वीच्या अंगणात पडला तेव्हा वर्षानुवर्षं न दिसलेले कमांडर परत आले होते. त्याआधी पॉवरप्लेची (सत्तागटांच्या चढाओढीची) नवी घडी बसली होती, मग फेब्रुवारी २०२५ मध्ये वसाहती उभारायची सोय आली. आज बघणाऱ्याला दोघांत एलिटच जास्त टवटवीत वाटेल.

पैशांच्या बाजूने बघितलं तरी पारडं पटकन एलिटकडे झुकतं. एकदा विकत घेतला की संपलं. दोन वर्षं फिरकला नाहीत तरी तुमचं जहाज उभं केलं तिथेच सापडतं. (फ्लीट कॅरियर, म्हणजे स्वतःचा फिरता तळ, घेतला असेल तर मात्र त्याचा आठवड्याचा खर्च चालू राहतो, हे लक्षात ठेवा.) ईव्हमध्ये ओमेगा संपला की तुम्ही अल्फा (फुकट, पण मर्यादित खातं) होता, आणि रात्रंदिवस शिकवून ठेवलेली बरीचशी कौशल्यं असूनही वापरता येत नाहीत. हँगरमध्ये स्वतःचं अवाढव्य कॅपिटल जहाज उभं आहे आणि त्यात बसता येत नाही, हे मनाला लागतं. प्लेक्स (ज्याच्या बदल्यात वर्गणी भरता येते ती वस्तू) इन-गेम पैशांतून घेऊन वर्गणी भागवता येते, पण नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. खेळाची नोकरी होऊन बसते.

एवढं सगळं एलिटच्या बाजूने असूनही मी आज ईव्हमध्ये आहे. त्याला एक कारण झालं, आणि ते भारतात बसून खेळणाऱ्यांना जास्त लागू आहे.

एलिटमध्ये सगळे जण एका सर्व्हरवर एकत्र नसतात. आकाशगंगा सगळ्यांची एकच, बाजारभाव आणि राजकारणही एकच, पण तुमच्या आसपासचे खेळाडू एकमेकांच्या कॉम्प्युटरशी थेट जोडले जातात. कोण कुणाच्या इन्स्टन्समध्ये (एकमेकांना दिसणाऱ्या खेळाडूंच्या गटात) पडणार हे त्या जोडणीवर ठरतं. युरोपात, चांगल्या लाइनवर, हे बऱ्यापैकी चालतं. आपल्याकडे गल्लीपर्यंत फायबर आणून देणारा इंटरनेटवाला बहुतेक वेळा अनेक घरांना मिळून एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) वाटतो. अशा लाइनवर राउटरमध्ये पोर्ट उघडलं तरी ते बाहेरून कुणाला सापडत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. मी पुण्यात, माझा मित्र नाशिकला. दोघेही ओपनमध्ये (सगळ्यांना खुल्या मोडमध्ये), एकाच टीममध्ये, एकाच स्टेशनच्या बाहेर. कॉम्सवर त्याचे मेसेज येतायत. तो म्हणतो, ‘मेल स्लॉटच्या (स्टेशनच्या दाराच्या) अगदी समोर उभा आहे, दिसतोय का?’ एलिटच्या स्कॅनरवर कॉम्प्युटरने चालवलेलं जहाज भरीव चौकोनाने दिसतं आणि माणसाचं पोकळ चौकोनाने. मी स्लॉटकडे तोंड करून उभा. आतून एक टाइप-९ डुलत बाहेर येतो: भरीव. मागून एक व्हायपर जातो: भरीव. पोकळ चौकोन एकही नाही. मग एकाने सुपरक्रूझमध्ये (वेगवान प्रवासात) जायचं, दुसऱ्याने नॅव्ह-लॉक लावून, म्हणजे त्याच्या जहाजाला आपलं जोडून, पाठोपाठ उतरायचं. कधी तो पोकळ चौकोन एकदम उमटतो आणि आपल्याला खरंच आनंद होतो, आणि नेमकी लढाई सुरू झाली की तो विरून जातो. तिकडे त्याच्या स्क्रीनवर मीच नाहीसा झालेला असतो.

मी पुढे स्टॅटिक आयपी घेतला, वर्षाला थोडे जास्त पैसे मोजून. माझ्या बाजूचं काम सरळ झालं. पण जोडणीला दोन टोकं असतात, आणि मित्राच्या भागात जो एकमेव इंटरनेटवाला होता त्याच्याकडे ती सोयच नव्हती. यात दोष गेम बनवणाऱ्यांचा म्हणावा असंही नाही. त्यांनी रचना तशी निवडली आणि तिचे फायदेही आहेत. तुमची लाइन चांगली असेल, मित्रांचीही असेल, तर कदाचित हा अनुभव तुम्हाला येणारही नाही. मला तो इतक्या वेळा आला, की संध्याकाळी गेम उघडताना आज भेट होईल का, ही धाकधूक आधी यायची. हळूहळू मी सोलो मोडमध्येच राहू लागलो. तिथे मग चाळीस हजार कोटी तारे आणि मी. वसाहतींचा भाग आला तेव्हा मोठ्या हौसेने एक सिस्टिम (एक तारा आणि त्याचे ग्रह) ताब्यात घेतली, खेप-खेप पोलाद आणि टायटॅनियम वाहून स्टेशन उभं केलं, सिस्टिम आर्किटेक्ट म्हणून नाव लागलं. पण येऊन बघणारं कुणी नव्हतं. ओसाड गावची पाटीलकी म्हणतात ती हीच.

आता ईव्ह. त्याचा ट्रँक्विलिटी सर्व्हर लंडनमध्ये आहे आणि चीन सोडून सगळं जग त्या एकाच सर्व्हरवर खेळतं. एखाद्या सिस्टिममध्ये चारशे माणसं असतील तर लोकलमध्ये चारशे नावं दिसतात, आणि ज्याचं नाव दिसतं तो खरोखर तिथे असतो. तुमचा इंटरनेटवाला कोण आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, कारण जोडणी फक्त तुमची आणि सर्व्हरची.

पिंगची भीती घालणारे भेटतील, त्यांचं मनावर घेऊ नका. ईव्हचा सर्व्हर जगाचा हिशेब सेकंदाला एकदा करतो. तुमची आज्ञा दीडशे मिलिसेकंदांत पोचली काय आणि तीसमध्ये पोचली काय, ती पुढच्या सेकंदाच्या ठोक्यालाच लागू होते. नेमबाजीच्या गेममध्ये मुंबई-पुण्याच्या माणसाला जो तोटा होतो, तो इथे जवळजवळ नाहीच. फायबर बंद पडल्यावर मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून फ्लीटमध्ये राहिलोय आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नव्या माणसाला मी नेहमी बर्स्ट घ्यायला सांगतो. दुसऱ्यांचं शील्ड (संरक्षक कवच) दुरुस्त करणारं स्वस्तातलं फ्रिगेट, म्हणजे छोटं जहाज, अल्फालाही चालवता येतं. रविवारी संध्याकाळी फ्लीट निघते, कमांडर ‘अलाइन’ म्हणतो, मग ‘जंप, जंप’, आणि पलीकडे गेटवर कुणीतरी दबा धरून बसलेलं असतं. ब्रॉडकास्टच्या खिडकीत एक नाव वर येतं: शील्ड हवंय. त्यावर क्लिक, लॉक, दुरुस्ती चालू. लगेच दुसरं नाव, मग तिसरं. पहिल्याची पट्टी लाल होता होता पुन्हा भरते. तो पोलंडचा असतो, की ब्राझीलचा, तुम्हाला माहीत नसतं, पण तुमच्यामुळे तो वाचलेला असतो आणि व्हॉइसवर नाव घेऊन आभार मानतो. त्याचं जहाज कुणीतरी खाणीतून खनिज काढून, कारखान्यात बांधून, जिटा या मुख्य बाजारापर्यंत वाहून आणून विकलेलं असतं. तिथली जवळपास प्रत्येक वस्तू खेळाडूंनीच बनवलेली असते, म्हणून वाचवण्याला किंमत असते.

एक सर्व्हर म्हणजे एकच मर्यादा, हेही खरं. माणसं फार झाली की टाइम डायलेशन लागतं आणि वेळ दहा टक्क्यांपर्यंत मंदावतो, दहा सेकंदांत एक सेकंद सरकतो. ऑक्टोबर २०२० मध्ये एफडब्ल्यूएसटी-८ या सिस्टिममधल्या लढाईत एकाच वेळी ६,५५७ खेळाडू होते आणि गिनीजने त्याची नोंद घेतली. त्याच युद्धात, २०२०-२१ च्या सरत्या-उगवत्या दिवसांत, एम२-एक्सएफई मध्ये एका रात्रीत २५७ टायटन (ईव्हमधली सगळ्यात मोठी जहाजं) पडले, आणि काही दिवसांनी तिथेच दुसऱ्या फेरीला सर्व्हरने मान टाकली. कित्येकांची जहाजं समोरचं दृश्य लोड होण्याआधीच गेली. अशा लढाईत तासन्‌तास बसणं सगळ्यांना मानवणारं नाही. पण आठवड्याच्या साध्या फ्लीटमध्ये तुम्हाला हे अभावानेच दिसेल.

मग भविष्य कुणाचं? एलिटच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास होतो: त्याला गर्दीची गरजच नाही. बाजार, स्टेशनं, शत्रू सगळं गेम स्वतः पुरवतो, त्यामुळे खेळाडू घटले तरी तो चालेल. ईव्हमध्ये माणसं घटली तर कारखाने बंद पडतील, बाजार सुकेल, लढाया थांबतील, म्हणून तो आधी जाईल. यातला ईव्हबद्दलचा भाग मला पटतो. ईव्हला माणसं लागतात, आणि एका मर्यादेखाली ती गेली तर त्याला कुणी वाचवू शकणार नाही.

एलिटबद्दलचा भाग मात्र तितका पटत नाही. सोलो मोडलाही सर्व्हर लागतो. ऑफलाइन खेळता येईल असं आधी ठरलं होतं, पण गेम यायच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, ते रद्द झालं. म्हणजे कंपनीने दिवा मालवला की एकट्याने खेळणाऱ्याचीही आकाशगंगा जाते. एलिट बनवणाऱ्या फ्रंटियरचा मुख्य धंदा थीम पार्क आणि डायनोसॉरच्या गेमचा आहे. एलिट त्यांच्या अनेक मुलांपैकी एक. ईव्ह बनवणाऱ्या सीसीपीचं उलट आहे. २०१८ मध्ये कोरियाच्या पर्ल अ‍ॅबिसने ती कंपनी घेण्याचा करार केला तोही ईव्हच्या जोरावर, आणि डस्ट ५१४ या नेमबाजीच्या गेमसारखे प्रयोग २०१६ मध्ये बंद पडले तेव्हा घर चालवलं ते ईव्हनेच. ईव्हच्या पैशांवर सतत नवनवे प्रयोग चालवण्याची त्यांची सवय मला आवडत नाही, त्यातला निम्मा पैसा मूळ गेममध्ये गेला असता तर बरं झालं असतं. तरीही ज्या गेमवर अख्खं घर चालतं, तो सहजासहजी कुणी बंद करत नाही.

तुम्हाला कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटायला हवं असेल, व्हीआर आणि जॉयस्टिक असेल, दिवसाकाठी तासभर एकट्याने शांतपणे ताऱ्यांमध्ये फिरायचं असेल, तर एलिट सेलमध्ये घ्या. ते सुख ईव्हमध्ये मिळत नाही, तिथे तुम्ही जहाज उडवत नाही, त्याला आज्ञा देता. आकाशगंगेच्या मध्यावरच्या सॅजिटेरियस ए-स्टारपर्यंतचा पंचवीस हजारांहून जास्त प्रकाशवर्षांचा प्रवास आयुष्यात एकदा करावा असा आहे. पण ‘ऑनलाइन’ या गोष्टीसाठी जर तुम्ही गेम शोधत असाल, तर मी ईव्हच सुचवेन, आणि पहिले काही महिने अल्फावरच काढा, पैसे भरायची घाई नको.

फक्त वेळेचं गणित आधी करून घ्या. डाउनटाइम रोज आपल्या दुपारी साडेचारला होतो, त्याचा त्रास नाही. त्रास होतो तो युरोपच्या संध्याकाळचा, ती आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होते. दुसऱ्या दिवशी ऑफिस असणाऱ्याला हे झेपत नाही, आणि बरेच भारतीय खेळाडू गेममुळे नाही तर झोपेमुळे सोडून जातात. म्हणून कॉर्प (खेळाडूंचा संघ) निवडताना त्यांची किलबोर्डवरची (किती जहाजं पाडली त्याच्या नोंदीतली) कामगिरी बघत बसू नका. रिक्रूटरला एवढंच विचारा, की आठवड्याच्या साध्या दिवशी पंधरा ते अठरा यूटीसीच्या दरम्यान, म्हणजे आपल्या साडेआठ ते साडेअकरात, तुमचे किती लोक व्हॉइसवर असतात. ऑस्ट्रेलियाचे उशिरापर्यंत जागणारे आणि युरोपचे लवकर येणारे दोन्ही ज्या कॉर्पमध्ये आहेत, तिथे अर्ज करा.