चुना भिंतीला लागायचा होता

फ्रान्समधल्या तुलूजहून ईशान्येला दोनेक तास गाडी हाकली की आव्हेरों लागतं. तिथल्या एका खेड्यात आम्ही जुनं दगडी घर घेतलं. खाली गुरांची जागा, वर माणसांची, आणि छपरावर लोझ. लोझ म्हणजे दगडाच्या सपाट लाद्या, आपल्या कौलांच्या जागी. चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास वजन, कधी जास्तच. ते पेलायला खाली ओकची तुळई. माझं बालपण रत्नागिरीजवळ जांभ्याच्या घरात गेलंय, त्यामुळे गळकं छप्पर बघून मी घाबरलो नाही. घाबरायला हवं होतं.

गावातल्या छपरवाल्याने सांगितलं, ‘दीड वर्ष थांबा.’ शेजारच्या आजीही म्हणाल्या, ‘थांबा.’ पण आम्हाला पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबांना आणायचं होतं. शिवाय आमचं फ्रेंच दुकानापुरतं. अशात एकाच्या ओळखीने तो ठेकेदार भेटला. पंधरा वर्षं फ्रान्समध्ये राहिलेला, इंग्रजी बोलणारा, आमच्यासारखाच बाहेरून आलेला. खरं तर मी तिथेच फसलो, पैसे नंतर गेले. तो ‘आपल्यातला’ वाटला.

आता सगळे म्हणतात, कागद बघायचे. अहो, बघितले ना! त्याच्या कंपनीच्या नोंदणीचा चौदा आकडी सिरेत नंबर सरकारी साइटवर टाकून पाहिला, खरा निघाला. इथे बांधकाम करणाऱ्याला 1978च्या कायद्यानुसार दहा वर्षांच्या जबाबदारीचा विमा घ्यावाच लागतो, त्याला देसेनाल म्हणतात. त्याने त्याचंही प्रमाणपत्र दिलं. शिक्का, सही, तारीख, सगळं अस्सल. मी ते फाइलला लावलं आणि चहा प्यायलो.

दव्ही, म्हणजे खर्चाचा अंदाज, 34,000 युरोचा. छप्पर आणि बाहेरच्या भिंतींची दर्जबंदी, म्हणजे दगडांमधले सांधे भरणं. त्याने 40 टक्के आगाऊ मागितले. इथे साधारण 30 मागतात. वर म्हणाला, चार हजार रोख द्या, तेवढ्यावरचा 10 टक्के टीव्हीए, म्हणजे इथला व्हॅट, वाचेल. दिले. व्यावसायिकाला हजार युरोच्या वर रोख देणं इथे बेकायदा आहे, हे मला वकिलाने सांगितलं. म्हणजे त्या चार हजारांसाठी मी तोंडही उघडू शकत नव्हतो.

सप्टेंबरात माणसं आली. आधी भिंत घेतली. जुन्या दगडी भिंतीला चुन्याचाच गिलावा लागतो, चुन्यातून ओल बाहेर पडते. यांनी सांध्यांत सिमेंट भरलं. मी विचारलं तर म्हणाला, सिमेंट जास्त टिकतं. जांभ्याच्या घरात वाढलेल्या माणसाने हे ऐकून घेतलं, याची लाज अजून जात नाही. ओल आत कोंडली आणि जानेवारीत आतल्या भिंतीचे पापुद्रे सुटले. चुना भिंतीला लावायचा होता, तो आम्हाला लावला.

मग आठवड्याभरात त्यांनी छपराची एक बाजू उतरवली. लाद्या ‘साफ करायला’ म्हणून ट्रकमधून नेल्या. वर निळी ताडपत्री बांधली आणि ऑक्टोबरअखेर माणसं यायची थांबली. आधी त्याची आई आजारी, मग ट्रक बिघडला, मग फोन बंद. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारून घेतात. मी नोव्हेंबरच्या तोंडावर छप्पर उघडं टाकून बसलो होतो.

जुन्या लोझला चांगला भाव असतो. ज्यांना तसंच छप्पर दुरुस्त करायचंय ते जुन्याच शोधतात. हे आजींनी सांगितलं, ट्रक गेल्यावर.

विमा कंपनीचं उत्तर दीड पानाचं होतं. त्यांनी दोन कारणं दिली. एक, हा विमा काम पूर्ण करून ताब्यात दिल्यावर सुरू होतो, अर्धवट सोडलेल्या कामाला नाही. दोन, प्रमाणपत्रावर विमा कुठल्या कामांचा तेही छापलेलं असतं. यांचा होता रंगकाम आणि आतल्या फरशांचा. दुसऱ्या पानावर, साध्या अक्षरात. मी ‘देसेनाल’ हा शब्द दिसल्यावर वाचायचा थांबलो होतो. तेव्हा तुम्ही ती यादी बघा, आणि त्यात ‘कुव्हर्त्युर’ म्हणजे छपराचं काम नसेल तर त्या माणसाला शिडीही लावू देऊ नका.

पुढचं थोडक्यात. रजिस्टर पत्र पाठवलं, पोच आली, उत्तर नाही. गावाजवळचा काँसिलिआतर, म्हणजे तडजोड घडवणारा, फुकट मदत करतो, पण समोरच्याला बोलावून तो आलाच पाहिजे असं नाही. दावा दहा हजारांच्या वरचा, म्हणजे वकील लागणारच. वकिलाने शोधलं तर कंपनी आधीच दिवाळखोरीत काढलेली. त्याची सूचना सरकारी गॅझेटात छापून येते आणि येणेकऱ्यांनी दोन महिन्यांत आपली रक्कम नोंदवायची असते. आमचे दोन महिने ताडपत्रीखालचं पाणी बादल्यांत भरण्यात गेले होते.

शेवटी गावातल्याच छपरवाल्याकडे गेलो. त्याचं दीड वर्ष तोवर सरत आलं होतं. तो एकदाही ‘सांगितलं होतं’ असं म्हणाला नाही. त्याच्या दव्हीत मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये एक ओळ घालायला लावली: उतरवलेल्या लोझ मालकाच्या, आवारातच रचून ठेवायच्या. तो हसला, पेन घेतलं, आणि खाली स्वतःहून लिहिलं: मोजून.