चोर बाजारातलं जहाजाच्या झेंड्यांचं दुकान : जा, पण आधी झेंड्याची कड बघा

मटन स्ट्रीटवर पितळी कंदील, होकायंत्रं, जहाजाची घड्याळं विकणारी दुकानं आहेत ना, त्यातलंच हे एक, नाव टाकत नाही कारण कौतुकाबरोबर थोडी तक्रार पण आहे. दुकानात अगदी मागे एक लोखंडी पेटी आहे, तिच्यात झेंडे, घडी वगैरे काही नाही, नुसते कोंबलेले. मुंबईच्या दारूखान्यात किंवा गुजरातमधल्या अलंगला जहाज तोडायला आलं की आतलं सगळं सामान सुटं विकलं जातं, भांडी गाद्या दिवे सगळ्याला गिऱ्हाईक असतं, झेंड्यांना मात्र कोणी विचारत नाही, हात पुसायच्या चिंध्या होतात त्यांच्या. दुकानाचे मालक चाचा ते उचलून आणतात, त्याचे पूर्ण मार्क.

आता खरं सांगायचं तर पेटीतले बहुतेक झेंडे मालवाहू जहाजांचे सिग्नलचे, नायलॉन नाहीतर पॉलिस्टर. 26 अक्षरांचे 26 आणि आकड्यांचे 10, जगभर तेच. पिवळा Q म्हणजे जहाजावर रोगराई नाही, बंदरात येऊ द्या. H म्हणजे पायलट, बंदरात वाट दाखवणारा माणूस, जहाजावर आहे. हे दोनशे-तीनशेला मिळतात, पोरांच्या खोलीत लावायला मस्त.

मला हवा होता नेव्हीचा जुना, लोकरीच्या बंटिंगचा, म्हणजे झेंड्यांसाठीच्या विरळ कापडाचा. चाचांनी लगेच एक काढून दिला, "ये विक्रांत का है." आता ती जुनी विमानवाहू विक्रांत 1997 ला निवृत्त झाली तेव्हाच तिचं निशाण सूर्यास्ताला मानाने उतरवलेलं, आणि दारूखान्यात तोडायला गेली 2014 नंतर, मध्ये इतकी वर्षं म्युझियम होती, मग भंगारात निशाण येणार कुठून? वर त्या झेंड्यावरचा डिझाइन छापलेला होता आणि कडेला चहात बुडवल्यासारखा एकसारखा पिवळा डाग. मी हसलो, चाचा पण हसले, झेंडा परत पेटीत.

तासभर उपसल्यावर तळाशी सापडला तो P, निळ्यात पांढरा चौकोन, ज्याला ब्लू पीटर म्हणतात, बंदरात हा वर गेला की सगळ्यांनी जहाजावर या, आम्ही निघतोय. हा तुकडे जोडून शिवलेला. एक सुटा धागा चाचांसमोरच जाळून बघितला, केस जळल्याचा वास आला म्हणजे लोकर, नायलॉन असता तर वितळून गोळी झाली असती. आणि दोरीकडच्या पांढऱ्या कडेवर पुसट शिक्का, कोंबडीच्या पावलासारखा बाण. ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण! शेजारी ब्रेड्थमध्ये माप, एक ब्रेड्थ म्हणजे 9 इंच. झेंड्याचा सगळा इतिहास त्या चार बोटांच्या पट्टीवर असतो, बाकी नुसतं कापड.

आणि नेमकं तिथेच दुकान कमी पडतं. झेंड्याच्या दोन टोकांना एकमेकांत अडकणाऱ्या क्लिपा असतात, इंगलफील्ड क्लिप म्हणतात, ब्रिटिश नेव्हीतल्या त्याच नावाच्या अधिकाऱ्याने 1890 मध्ये काढलेल्या. चाचांचा पोरगा त्या कापून वेगळ्या विकतो, कारण पितळ किलोवर जातं. माझ्या P ची एकच शिल्लक होती, तीही कापायला कात्री हातात होती त्याच्या. शिवाय "साफ करके देता हूँ" म्हणत झेंडे सर्फमध्ये बुडवतात, मग लाल रंग पांढऱ्यात उतरतो आणि शिक्का कायमचा जातो. माझा धुवायला देऊ नका म्हणून तीनदा सांगितलं. चार हजार म्हणाले, अठराशेला दिला.

घरी आणून काय केलं ते पण लिहितो, कोणाला उपयोग झाला तर. पाणी अजिबात नाही. झेंड्यावर बारीक जाळी धरून व्हॅक्यूम सगळ्यात कमी जोरावर. घडी घालायची नाही, घडीवरच धागे तुटतात, म्हणून जाड नळीवर जुनं धुतलेलं मलमल गुंडाळून त्यावर रोल केला, वरून परत मलमल. लोकरीला कसर लागते, दर दोन महिन्यांनी उघडून बघतोय, पावसाळ्यात जास्तच. डांबरगोळ्या कापडाला लागून ठेवू नका. आणि काचेत घालून उन्हाच्या भिंतीवर तर नकोच, रंग गेला की परत येत नाही.

कोपऱ्यात तिरंगा असलेलं एक नौदलाचं निशाण पण पेटीत होतं, लाल क्रॉसवालं, म्हणजे 2 सप्टेंबर 2022 च्या आधीचं, आता तर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. ते मी घेतलं नाही, शोपीस करायची वस्तू वाटली नाही.

पाचपैकी साडेतीन. कात्री बंद केली तर साडेचार देईन. ग्रँट रोडला उतरून चालत जा, शुक्रवारी जाऊ नका, दुकान बंद असतं आणि रस्त्यावर जुम्मा बाजाराची गर्दी. जीपे चालतं. पेटी तळापर्यंत उपसा, चाचा वैतागत नाहीत, उलट चहा मागवतात.