फुकटच्या बायोससाठी पैसे मोजले, वर बोर्डही झोपवला

माझा डेस्कटॉप जुना, एच६१ चिपसेटच्या मदरबोर्डाचा. त्यातला दुसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर काढून तिसऱ्या पिढीचा आय५ बसवायचा होता. त्यासाठी अशा बोर्डांना नवा बायोस (संगणक सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम) लागतो, एवढं ऐकून होतो. बोर्डाचं मॉडेल टाकून शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या लिंकवर गेलो. ती जाहिरात होती. बोर्डाच्या कंपनीचा लोगो, तसेच रंग, माझ्या बोर्डाचा फोटोसुद्धा.

फाइल थेट मिळेना. आधी त्यांचा 'स्कॅनर' उतरवायचा. त्याने दोन मिनिटं पट्टी सरकवली आणि लाल अक्षरांत जाहीर केलं: बायोस कालबाह्य, संगणक धोक्यात, शिवाय २३ ड्रायव्हर जुने. उपाय म्हणजे वर्षाची वर्गणी. मी कार्ड नंबर भरला. बोर्ड बनवणारे बायोस फुकट देतात हे मला माहीत होतं हो, पण इतक्या जुन्या बोर्डाचा आता कुठे मिळणार, असं माझं मीच ठरवून टाकलं.

फाइलसोबत सूचना होती: 'बोर्ड जुळत नाही' असं आलं तर लक्ष देऊ नका, तपासणी वगळायचा पर्याय वापरा. तसं आलंच, आणि मी ती वगळली. ही तपासणी असते कशासाठी? एकाच मॉडेलच्या बोर्डाचे दोन-तीन रिव्हिजन निघतात. नाव तेच, पण आतली नेटवर्कची किंवा आवाजाची चिप बदललेली, कधी बायोस वेगळाच. रिव्हिजन बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेलं असतं. स्कॅनरने ते विचारलं नाही, मीही कॅबिनेट उघडलं नाही.

फ्लॅश, म्हणजे चिपमध्ये नवा बायोस लिहिणं, १०० टक्के झालं. रीस्टार्ट केला तर पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. सीमॉसची (बायोसच्या सेटिंग जपणाऱ्या मेमरीची) बॅटरी काढून पाहिली, जंपर लावून पाहिला. त्याने फक्त सेटिंग पुसल्या जातात, चिपमध्ये गेलेला चुकीचा बायोस तिथेच राहतो. त्यांच्या सपोर्टला लिहिलं, तर 'तज्ज्ञाशी बोलण्यासाठी वरचा प्लॅन घ्या'!

नशीब एवढंच की बायोसची आठ पायांची चिप सोल्डर केलेली नव्हती, सॉकेटमध्ये होती. मित्राकडे सीएच३४१ए प्रोग्रॅमर, म्हणजे चिपवर थेट फाइल लिहिणारं छोटं उपकरण, होतं. या वेळी पत्ता स्वतः टाइप करून कंपनीच्या साइटवर गेलो, रिव्हिजन पाहून फाइल घेतली (फुकट, अर्थात), फाइल आणि चिप दोन्ही ४ एमबीच्या आहेत हे जुळवलं, लिहिलं, परत वाचून ताडलं. बोर्ड उठला. विंडोज मात्र नव्याने टाकलं. त्या स्कॅनरने आत काय काय ठेवलं असेल कोण जाणे.

त्याच पानावर प्रोसेसरांची यादी होती. माझ्या आय५ला लागणारा बायोस २०१२ चा. स्कॅनरच्या त्या लाल स्क्रीनचा फोटो मोबाइलमध्ये होता, त्यात माझ्या जुन्या बायोसची तारीख स्पष्ट दिसते: २०१३. म्हणजे अपडेटची गरजच नव्हती. प्रोसेसर नुसता बसवला असता तरी चालला असता.

पैसे परत आले नाहीत. वर्गणी आपोआप पुढे चालू राहणार होती, म्हणून कार्डच बंद करून घेतलं. आणि नेटवर्कचा खरा मॅक पत्ता (नेटवर्कच्या चिपचा ओळख क्रमांक) जुन्या बायोसबरोबर पुसला गेला. सध्या तो ८८:८८:८८:८८:८७:८८ दिसतो. खरा पत्ता बोर्डावरच्या स्टिकरवर आहे, तो परत लिहायचा राहिलाय.